डिफ्यूजन ब्रेझिंग: भट्टी गरम असतानाच सांधा गोठतो कसा, आणि तो पूर्ण गोठवायचा कसा

ब्रेझिंग म्हणजे दोन तुकडे न वितळवता, त्यांच्यामधल्या फटीत लवकर वितळणारा धातू (फिलर) भरून ते जोडणं. नेहमीच्या ब्रेझिंगमध्ये फिलर वितळतो, फटीत ओढला जातो आणि भट्टी थंड होऊ लागली की गोठतो. डिफ्यूजन ब्रेझिंगमध्ये भट्टी ११५० अंश सेल्सिअसवर तशीच चालू असते, तापमानात काहीच फरक पडत नाही, आणि तरी फटीतला द्रव दोन्ही कडांकडून आत गोठत येतो. काम जमलं असेल तर भट्टी थंड करायची वेळ येते तेव्हा गोठायला द्रव उरलेलाच नसतो. याला समतापी घनीभवन म्हणतात.

ही पद्धत जेट इंजिनांच्या गरजेतून पुढे आली. टर्बाइनची पाती ज्या निकेल मिश्रधातूंची असतात, त्यांत ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम इतकं असतं की वेल्डिंग करताना त्या तडकतात. साध्या ब्रेझिंगचा सांधा त्या उष्णतेत टिकत नाही. १९७० च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये यावर काम झालं. १९७४ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या डुव्हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ट्रान्झिअंट लिक्विड फेज बाँडिंग’ या नावाने ही पद्धत मांडली. शॉपमध्ये आणि पेपरांमध्ये तुम्हाला ‘टीएलपी’ हे नाव जास्त ऐकू येईल. डिफ्यूजन ब्रेझिंग आणि टीएलपी यांत काही जण फरक करतात, पण सांधा गोठण्याची क्रिया दोन्हींत एकच आहे.

व्हॅक्यूम ब्रेझिंगच्या शॉपमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी आणि मेटलर्जीच्या शेवटच्या वर्षाला हा प्रोजेक्ट घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. होल्डचा वेळ, म्हणजे भट्टी ठरलेल्या तापमानावर धरून ठेवण्याचा वेळ, दुसऱ्याच्या रेसिपीतून उचलू नका, तो स्वतःच्या फटीच्या रुंदीवरून काढा. तो कसा काढायचा, ते पुढे सविस्तर येतं.

आधी आत काय चालतं ते समजून घ्या

पॉट आइस्क्रीम करताना बर्फावर खडे मीठ टाकतात. मीठ मिसळलं की बर्फ शून्याखाली दहा अंशांवरसुद्धा वितळून पाणी होतो. आता समजा, त्या खाऱ्या पाण्यातलं मीठ पॉटच्या लाकडात मुरत गेलं. तापमान उणे दहाच आहे, पण मीठ निघून गेलेलं पाणी त्या तापमानाला पाणी म्हणून राहू शकत नाही. ते पुन्हा गोठेल.

निकेलच्या फिलरमध्ये मिठाची जागा बोरॉन घेतं. शुद्ध निकेल १४५५ अंशांना वितळतं. त्यात वजनाने ४ टक्क्यांच्या आसपास बोरॉन घातलं की युटेक्टिक, म्हणजे सर्वांत कमी तापमानाला वितळणारं मिश्रण, १०९३ अंशांना मिळतं. जोडीला सिलिकॉन आणि क्रोमियम आलं की वितळणबिंदू आणखी खाली येतो. हा बोरॉनचा अणू अगदी लहान असतो. निकेलच्या मोठ्या अणूंमधल्या रिकाम्या जागांतून तो सरकत जातो, म्हणून त्याचं विसरण (घन धातूतून पसरणं) फार वेगाने होतं. फटीतला द्रव दोन्ही बाजूंनी बेस मेटलला, म्हणजे जोडायच्या तुकड्यांच्या धातूला, भिडलेला असतो, आणि बोरॉन त्याच वाटेने बाहेर पडत राहतं.

क्रिया चार टप्प्यांत चालते. पहिल्यात फॉइल वितळते. दुसऱ्यात द्रव बेस मेटलला खातो आणि फट रुंद होते. याचं कारण असं की फिलर १००० अंशांच्या आत वितळला, पण तुमची भट्टी ११५० ला आहे. त्या तापमानाला द्रव राहण्यासाठी एवढ्या बोरॉनची गरजच नसते. म्हणून द्रव आजूबाजूचं निकेल विरघळवून घेतो आणि स्वतःला पातळ करत करत त्या तापमानाच्या लिक्विडसवर, म्हणजे ज्याच्याहून बोरॉन कमी झालं तर घन बनायला लागेल अशा प्रमाणावर, जाऊन थांबतो. हा टप्पा काही मिनिटांत आटोपतो. तिसरा टप्पा म्हणजे आपला विषय, समतापी घनीभवन. त्याला तास लागतात. चौथ्यात गोठलेल्या सांध्यातलं उरलंसुरलं बोरॉन, सिलिकॉन पसरून सगळीकडची रचना सारखी होत जाते.

तिसऱ्या टप्प्याबद्दल एक गैरसमज हमखास असतो. द्रवातलं बोरॉन हळूहळू कमी होत जातं आणि मग सगळा द्रव एकदम गोठतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. तापमान ठरलं की फेज डायग्रामवर (कुठल्या तापमानाला, कुठल्या प्रमाणाला घन की द्रव हे दाखवणाऱ्या आलेखावर) दोन आकडे ठरतात: कडेला नव्याने तयार होणाऱ्या घनात किती बोरॉन मावेल, आणि त्याला लागून असलेल्या द्रवात किती असेल. तापमान हलत नाही, म्हणून हे आकडेही हलत नाहीत. द्रवातलं बोरॉनचं प्रमाण जवळपास तेच राहतं आणि द्रवाची जाडी मात्र कमी होत जाते. अनेक धातू असलेल्या खऱ्या मिश्रधातूत थोडा फरक पडतो, पण पायाभूत चित्र हेच.

कामाच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. सांधा ९० टक्के गोठला असताना तुम्ही भट्टी बंद केली, तर उरलेला १० टक्के द्रव बोरॉनने पहिल्याइतकाच भरलेला असतो. थंड होताना त्यातून निकेल बोराइड, क्रोमियम बोराइड असं कठीण, ठिसूळ युटेक्टिक बाहेर पडतं, तेही बरोबर सांध्याच्या मधोमध, एका सलग रेषेत. तडा जायला याहून सोपी वाट नसते. त्यामुळे ‘बऱ्यापैकी गोठलाय’ असा सांधा या कामात धरू नका. द्रव संपला पाहिजे.

पायरी १: सरावासाठी धातू आणि फिलर निवडा

सुरुवात सुपरॲलॉयने, म्हणजे टर्बाइनच्या पात्यांच्या त्या निकेल मिश्रधातूंनी, करू नका. पहिले तुकडे शुद्ध निकेलचे घ्या, नंतर इन्कोनेल ६०० या निकेल-क्रोमियम मिश्रधातूवर या. इन्कोनेल ६०० मध्ये सुमारे १५ टक्के क्रोमियम असतं, पण ॲल्युमिनियम-टायटॅनियमचा त्रास नसतो. या दोन्हींवर हात बसला की मग कठीण मिश्रधातूंकडे वळा.

फिलर म्हणून बीएनआय-२ (निकेलच्या फिलरांचा एक प्रमाणित ग्रेड) घ्या. यात साधारण ७ टक्के क्रोमियम, ३ टक्के बोरॉन, ४.५ टक्के सिलिकॉन, ३ टक्के लोखंड आणि बाकी निकेल असतं. तो ९७० अंशांच्या आसपास वितळायला लागतो आणि १००० ला पूर्ण वितळतो. ब्रेझिंगची शिफारस केलेली पट्टी १०१० ते ११७५ अंशांची आहे.

यात बोरॉनबरोबर सिलिकॉनही आहे आणि सिलिकॉन तर हळू सरकतं, मग गोठायला अडथळा होत नाही का, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. उत्तर असं की घन निकेलमध्ये सिलिकॉन वजनाने ८ टक्क्यांपर्यंत मावतं. फिलरमधलं साडेचार टक्के सिलिकॉन कुठेही न जाता गोठलेल्या निकेलमध्येच राहू शकतं. बाहेर जाणं भाग आहे ते बोरॉनला, आणि ते वेगवान आहे. आता याच नजरेने बीएनआय-५ बघा. त्यात बोरॉन नाही, सिलिकॉन १० टक्के आहे. म्हणजे जास्तीच्या सिलिकॉनला सरकावंच लागणार, आणि त्याला फार वेळ लागणार. बोरॉन न्यूट्रॉन शोषून घेतं, म्हणून अणुभट्टीच्या कामात बीएनआय-५ ला महत्त्व आहे. समतापी घनीभवन शिकण्यासाठी तो सोयीचा नाही. बीएनआय-७ मध्ये १० टक्के फॉस्फरस असतं. तो ८९० अंशांना मस्त पातळ वितळतो, पण फॉस्फरसला बोरॉनचा वेग नाही.

फिलर पेस्टमध्ये मिळतो आणि फॉइलमध्येही. सपाट सांध्यासाठी फॉइलच वापरा. पेस्टमध्ये पावडर धरून ठेवणारा बाइंडर असतो, तो जळताना घाण सोडतो, आणि पावडरच्या कणांमुळे फट किती राहील याचा भरवसा नसतो. फॉइल २५ ते ५० मायक्रॉन जाडीत मिळते. एवढं बोरॉन असलेला धातू खरं तर लाटताच येत नाही, तुटतो. म्हणून वितळलेला धातू फिरत्या चाकावर सोडून सेकंदाला सुमारे दहा लाख अंश इतक्या वेगाने थंड करतात. त्याला स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही आणि काचेसारखी रचना असलेली, पण बोटाभोवती गुंडाळता येईल अशी पट्टी तयार होते. कात्रीने हव्या त्या आकारात कापा.

पायरी २: बोरॉनला जायला जागा आहे का, ते मोजा

ही पायरी लोक गाळतात, म्हणून इथे थोडा वेळ घ्या. बोरॉन बेस मेटलमध्ये जाणार हे खरं, पण घन निकेलमध्ये ते मावतं किती? अणूंच्या हिशोबाने जेमतेम ०.३ टक्के. बीएनआय-२ मधलं वजनाचं ३ टक्के बोरॉन अणूंच्या हिशोबात १४ टक्क्यांच्या आसपास जातं, कारण बोरॉनचा अणू हलका आहे. १४ ला ०.३ ने भागा, सुमारे ४७ येतात. म्हणजे ५० मायक्रॉनच्या फॉइलमधलं बोरॉन सामावून घ्यायला तिच्या ४७ पट जाडीचं निकेल लागतं. दोन्ही बाजू मिळून २.३ मिलिमीटर, एका बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास. तेही प्रत्येक ठिकाणी बोरॉन काठोकाठ भरलं आहे असं धरून. प्रत्यक्षात सांध्यापाशी जास्त आणि लांब कमी असा उतार असतो, त्यामुळे जाडी आणखी लागते.

म्हणून सरावाचे तुकडे किमान ५ मिलिमीटर जाडीचे घ्या. पातळ पत्रा वापरला तर बोरॉन मागच्या पृष्ठभागापर्यंत पोचतं, निकेल भरून जातं आणि गोठणं मंदावतं. वर पातळ पत्र्याला द्रवाने खाण्याचा धोका वेगळाच.

क्रोमियमवाल्या मिश्रधातूत हिशोब थोडा बदलतो. तिथे बोरॉन वाटेतच क्रोमियमला धरतं आणि सांध्याच्या कडेला बोराइडचे कण तयार होतात. त्यामुळे बोरॉन लवकर अडकतं, पण त्याची किंमत बेस मेटलला मोजावी लागते. त्याबद्दल तपासणीच्या पायरीत सांगतो.

पायरी ३: फट ठरवा

सगळ्या कामाची चावी इथे आहे. गोठायला लागणारा वेळ फटीच्या रुंदीच्या वर्गाने वाढतो. विसरणाचा तो स्वभावच आहे: दुप्पट अंतर कापायला चौपट वेळ. ४० मायक्रॉनची फट समजा एका तासात पूर्ण गोठत असेल, तर ८० मायक्रॉनच्या फटीला चार तास लागतील आणि १२० च्या फटीला नऊ. शॉपमध्ये मिलिंगच्या पृष्ठभागाला जरा बाक आला, तुकडा एका कोपऱ्यावर टेकला, की ४० ची ८० व्हायला वेळ लागत नाही. मग तोच सांधा एका टोकाला उत्तम आणि दुसऱ्या टोकाला मधोमध बोराइडची रेघ, असं दिसतं. लोक भट्टीला, फिलरला दोष देत बसतात, आणि चूक फटीत असते.

सरावासाठी २५ ते ५० मायक्रॉन धरा. पृष्ठभाग सरफेस ग्राइंडरवर काढा, नुसत्या मिलिंगवर थांबू नका. तुकडे एकमेकांवर ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चारही बाजूंनी तपासा. सुरुवातीला खास स्पेसर वापरायची गरज नाही, फॉइलची जाडी हाच स्पेसर होतो. पण फॉइल वितळल्यावर वरच्या वजनाने द्रव बाहेर ढकलला जातो आणि फट फॉइलपेक्षा कमी होते, हे लक्षात ठेवा. फट एकसारखी ठेवायचीच असेल तर कोपऱ्यांत ठरावीक जाडीच्या मॉलिब्डेनमच्या तारेचे छोटे तुकडे ठेवता येतात.

पायरी ४: साफसफाई आणि जुळणी

जुळणीचे पृष्ठभाग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासा. मग ॲसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिक क्लीनरला लावा, फॉइलसुद्धा. त्यानंतर हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. हे शुद्ध निकेल आणि इन्कोनेल ६०० साठी पुरेसं आहे. ज्या मिश्रधातूंत ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम आहे त्यांच्यावर मात्र व्हॅक्यूममध्येही न तुटणारा ऑक्साइडचा थर येतो आणि द्रव पसरतच नाही. तिथे आधी निकेलचं पातळ प्लेटिंग करून घेतात.

फॉइल मधे ठेवून तुकडे जुळवा. हलू नयेत म्हणून बाजूला दोन ठिकाणी टिग वेल्डिंगचे छोटे टाके (टॅक) द्या किंवा वर वजन ठेवा. खाली सिरॅमिकची प्लेट हवी, ग्राफाइटवर थेट ठेवू नका, निकेल कार्बन ओढून घेतं. द्रव जिथे यायला नको तिथे स्टॉप-ऑफ (द्रव पसरू न देणारा लेप) लावा, पण ब्रशने सांध्याच्या तोंडापर्यंत जाऊ नका. थर्मोकपल (तापमान मोजायची तार) भट्टीच्या भिंतीजवळचा ग्राह्य धरू नका. तुकड्यात एक भोक पाडून वर्क थर्मोकपल त्यात घाला. जाड तुकडा आणि भट्टी यांच्या तापमानात चढताना मोठा फरक असतो.

पायरी ५: भट्टीचं सायकल

व्हॅक्यूम दहाच्या उणे चौथ्या घात मिलिबारपर्यंत किंवा त्याहून चांगला असावा. आधी लीक रेट तपासा; आकडा चांगला दिसतो पण भट्टी कुठूनतरी हवा ओढत असते, तेव्हा सांध्याचा रंगच सगळं सांगून जातो.

मिनिटाला १० अंशांच्या आसपासच्या वेगाने ९२० ते ९४० पर्यंत चढवा आणि तिथे २० ते ३० मिनिटं थांबा. फिलर अजून वितळलेला नाही, पण जाड-पातळ सगळे भाग एका तापमानाला येतात. त्यानंतरचा टप्पा मात्र झपाट्याने पार करायचा. का, तर फॉइल वितळण्याआधीच बोरॉन बेसमध्ये जायला लागलेलं असतं. चढायला फार वेळ लावला तर फॉइलमधलं बोरॉन कमी होतं, तिचा वितळणबिंदू चढतो, आणि ती पूर्ण वितळतच नाही. अशा सांध्यात अर्धवट चिकटलेले, न भरलेले भाग मिळतात. २५ मायक्रॉनच्या फॉइलला हा त्रास ५० च्या फॉइलपेक्षा जास्त होतो, कारण तिच्यात मुळातच बोरॉन कमी.

होल्डचं तापमान किती? शुद्ध निकेलवर ते १०९३ च्या वर ठेवा. त्याखाली राहिलात तर बेस मेटलमध्येच सांध्याला लागून निकेल बोराइड तयार होतं, कारण निकेल-बोरॉनच्या युटेक्टिकच्या खाली ते स्थिर असतं. ११५० ही सुरुवातीची चांगली जागा आहे.

जास्त तापमान म्हणजे जास्त वेगाचं विसरण, मग आणखी वर का जाऊ नये? कारण वर जाताना तीन गोष्टी एकाच वेळी बदलतात. बोरॉनचा वेग वाढतो, हे फायद्याचं. पण द्रव बेस मेटल जास्त खातो आणि फट रुंद होते, हे तोट्याचं. आणि वितळणबिंदूच्या जवळ जाताना घन निकेलमध्ये बोरॉन मावण्याची मर्यादाही आक्रसत जाते, हेही तोट्याचं. एका ठिकाणापर्यंत फायदा वरचढ ठरतो, पुढे वेळ उलट वाढू लागतो. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातल्या संशोधकांनी आयएन-७३८ या टर्बाइनच्या मिश्रधातूवर नेमकं हेच दाखवलं. ‘सांधा नाही जमला, पन्नास अंश वाढवू’ असा सल्ला कुणी दिला तर आधी फट किती होती ते विचारा.

होल्डदरम्यान आणखी एक काळजी घ्या. क्रोमियमवाला धातू इतक्या तापमानाला खोल व्हॅक्यूममध्ये क्रोमियम सोडतो. भट्टीच्या थंड भागांवर ते साचतं आणि तुकड्याच्या पृष्ठभागातलं क्रोमियम कमी होतं. त्यासाठी आर्गॉनचा थोडा पार्शियल प्रेशर ठेवतात. नायट्रोजन नको, तो बोरॉन आणि क्रोमियम दोघांशीही संबंध जोडतो. वेळ पूर्ण झाल्यावर सांधा आधीच घन झालेला असतो, त्यामुळे थंड करण्याचा वेग बेस मेटलच्या गरजेनुसार ठरवा.

पायरी ६: पाचरीची चाचणी, म्हणजे तुमचा स्वतःचा वेळ

आता सुरुवातीच्या आग्रहाकडे येतो. किती वेळ होल्ड द्यायचा हे समीकरणातूनही निघतं, पण त्यात विसरणाचा गुणांक, लिक्विडस, सॉलिडस असे आकडे लागतात आणि तुमच्या मिश्रधातूसाठी ते विश्वासाने मिळतीलच असं नाही. पाचरीची चाचणी केली तर हे सगळं तुमचे तुकडेच सांगतात.

५० मिलिमीटर लांबीचे दोन सपाट तुकडे घ्या. एका टोकाला ते एकमेकांना टेकवा आणि टॅक द्या. दुसऱ्या टोकाला दीडशे मायक्रॉनची पट्टी किंवा तार घालून टॅक द्या. झाली पाचर: एका टोकाला फट शून्य, दुसऱ्या टोकाला १५०, आणि मधे दर मिलिमीटरला ३ मायक्रॉनने वाढणारी. इथे फॉइल बसणार नाही, म्हणून बीएनआय-२ चीच पेस्ट उघड्या कडेला पूर्ण लांबीवर लावा. वितळल्यावर द्रव आपणहून आत ओढला जातो.

ठरवलेल्या तापमानाला एक तास होल्ड द्या, थंड करा, आणि तुकडा लांबीच्या दिशेने कापा. पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली अरुंद टोकापासून सुरुवात करा. सुरुवातीला सांधा स्वच्छ, एकसंध दिसेल. पुढे पुढे सरकताना एका जागी मधोमध पहिल्यांदा युटेक्टिकचे ठिपके दिसायला लागतील, आणि त्यापुढे त्यांची सलग रेघ होईल. पहिला ठिपका जिथे दिसला तिथली फट मोजा. तिथली फट उभी कापून सूक्ष्मदर्शकातच मोजा, अंतरावरून काढलेल्या आकड्यावर विसंबू नका, कारण द्रवाने कडा खाल्लेल्या असतात.

उदाहरणादाखल धरू, ती ५० मायक्रॉन आली. याचा अर्थ, या मिश्रधातूला, या फिलरने, या तापमानाला एका तासात जास्तीत जास्त ५० मायक्रॉनची फट पूर्ण गोठते. तुमच्या खऱ्या सांध्यात ७५ मायक्रॉन असेल तर दीडचा वर्ग सव्वादोन, म्हणजे सव्वादोन तास. यावर वीस-पंचवीस टक्के वेळ वाढवून घ्या, कारण खऱ्या सांध्यात फट सगळीकडे सारखी नसते. शक्य असेल तर हीच पाचर दोन वेगळ्या वेळांना करा. वेळाचं वर्गमूळ आणि फट यांचा आलेख सरळ रेषेत आला तर निर्धास्त राहा. रेषा वर जाताना वाकली, म्हणजे जास्त वेळ देऊनही फट अपेक्षेइतकी गोठत नसेल, तर शंका घ्या की बेस मेटल बोरॉनने भरत चाललाय किंवा दुसरा कुठला धातू अडथळा आणतोय.

याच पाचरी तापमान बदलून केल्या की तुमच्या मिश्रधातूला कुठलं तापमान सर्वांत सोयीचं आहे, हेही समोर येतं. नव्या मिश्रधातूच्या पहिल्या आठवड्यात दुसरं काहीच करू नये, या मताचा मी आहे.

पायरी ७: तपासणी

पॉलिश करताना मऊ कापडावर फार वेळ घासू नका. बोराइडचे कण कठीण असतात, आजूबाजूचं निकेल मऊ. कापडाने निकेल झिजतं, कण उठून येतात आणि शेवटी निखळतात. मग पोकळीसारखे खड्डे दिसतात आणि सांधा सच्छिद्र आहे असा निष्कर्ष निघतो. इचिंगसाठी (आतली रचना दिसावी म्हणून पृष्ठभाग हलका खाण्यासाठी) १० टक्के ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये इलेक्ट्रोलिटिक पद्धत निकेल मिश्रधातूंवर नीट चालते. हातमोजे, चष्मा आणि फ्यूम हूड विसरू नका.

तीन पट्टे ओळखायला शिका. मधला, असलाच तर, थंड होताना गोठलेला युटेक्टिकचा पट्टा. तो नसावा हेच आपलं उद्दिष्ट. त्याच्या दोन्ही बाजूंना समतापाने गोठलेलं, एकसारखं दिसणारं घन द्रावण. आणि त्यापलीकडे बेस मेटलमध्ये विसरणाने बाधित पट्टा. इन्कोनेलमध्ये या तिसऱ्या पट्ट्यात कणसीमांवर काळपट बोराइडची जाळी दिसेल; क्रोमियमने अडवलेलं बोरॉन ते हेच. सांधा मधोमध कितीही स्वच्छ असला तरी या जाळीमुळे गंज लागू शकतो, कारण तिथलं क्रोमियम बोराइडने खाल्लेलं असतं. म्हणून केवळ मधला पट्टा बघून पास देऊ नका.

मायक्रोहार्डनेस कमी भारावर, २५ ते ५० ग्रॅमवर घ्या आणि सांध्याला आडवी ओळ टाका. समतापाने गोठलेल्या भागापेक्षा युटेक्टिक कितीतरी पटीने कठीण निघतं. रेघ बारीक असेल तर ठसा तिच्या पलीकडे पसरतो आणि आकडा फसवा येतो, तिथे सूक्ष्मदर्शकावरच विश्वास ठेवा.

सांधा स्वच्छ निघाला की चौथा टप्पा उरतो, रचना सारखी करण्याचा. बेस मेटलचं जे सोल्युशन ट्रीटमेंट (घटक घनातच विरघळवण्यासाठी तापवणं) ठरलेलं असतं, त्यातच बरंचसं काम होऊन जातं. फक्त सोल्युशनचं तापमान होल्डच्या तापमानापेक्षा वर असेल तर चढण सावकाश ठेवा, म्हणजे उरलेलं बोरॉन पसरायला वेळ मिळतो आणि सांध्यात पुन्हा द्रव होत नाही.

शेवटची चाचणी सोपी आहे आणि विद्यार्थ्यांना पटकन पटते. एक लॅप जॉइंट (एकावर एक चढवलेल्या पट्ट्यांचा सांधा) करा, त्याला छोटं वजन टांगा आणि भट्टीत पुन्हा ११०० अंशांपर्यंत न्या. नेहमीच्या ब्रेझिंगने केलेला, अर्धवट गोठलेला सांधा तिथे सुटतो, कारण त्याच्या मधलं युटेक्टिक त्याआधीच वितळलेलं असतं. पूर्ण गोठलेला सांधा वजन धरून राहतो, जरी त्याच्यातला फिलर मुळात १००० अंशांनाच वितळला होता. दोन्ही सांधे शेजारी-शेजारी टांगा, आणि खाली सिरॅमिकचा ट्रे नक्की ठेवा. सुटलेलं वजन भट्टीच्या हार्थवर (तळावर) पडलं तर मॉलिब्डेनमचे रॉड महाग पडतात.